गाडी ठरेपर्यंत

माझे बाबा मोटार विम्याच्या कचेरीत होते. निवृत्त होईपर्यंत त्यांनी लोकांच्या अपघातांच्या फायली वाचल्या. कुणाची गाडी झाडावर गेली, कुणाची घाटात उलटली, कुणाची तर नुसती उभी असताना मागून ठोकली गेली. असा माणूस स्वतः गाडी घेत नाही. आमच्या घरी स्कूटरसुद्धा नव्हती. "रस्त्यावर सुरक्षित जागा दोनच, बस आणि फुटपाथ," असं बाबा म्हणायचे, आणि आमच्या ठाण्यात फुटपाथ नेमका कुठे आहे ते मात्र कधी दाखवायचे नाहीत.

अशा घरातल्या मुलीवर जपानमध्ये बर्फात चालवायची गाडी निवडायची वेळ आली.

मुंबईतून आयटीवाल्यांचे जथेच्या जथे टोकियोला जात होते, त्या दिवसांत मीही गेले. पहिली दोन-तीन वर्षं हिगाशी-कसाईत, टोकियोतल्या भारतीयांच्या वस्तीत राहिले. ऑफिस कावासाकीला. तेव्हा एकटेपणा म्हणजे काय ते कळायला सवडच नव्हती. खालच्या मजल्यावरून फोडणीचा वास यायचा, शनिवारी कुणाकडे तरी पावभाजी असायची, आणि मी एकटी म्हणून इमारतीतल्या प्रत्येक वहिनीला माझ्यासाठी एकेक स्थळ सुचायचं. मी वैतागायचे. आमच्या ग्राहक कंपनीच्या नागानोकडच्या कारखान्यात नवी सिस्टिम बसवायची ठरलं आणि तिथे कोण जाईल असं विचारलं, तेव्हा मी लगेच हात वर केला. जरा शांतता मिळेल म्हटलं. मिळाली. नको इतकी मिळाली.

गाव डोंगरांच्या मधोमध होतं. स्टेशनातून तासातासाने एक दोन डब्यांची गाडी सुटायची. कारखाना गावाबाहेर, नदीपलीकडे. उन्हाळ्यात मी सायकलने जायचे. संध्याकाळी परत येईपर्यंत गाव मिटलेलं असायचं, फक्त स्टेशनसमोरचं कोंबिनी, म्हणजे रात्रंदिवस चालणारं दुकान, उघडं. तिथली मुलगी जेवणाचा डबा हातात घेऊन "गरम करून देऊ का?" असं विचारायची. मी "हो" म्हणायचे. कामाव्यतिरिक्त दिवसभरात कुणाशी झालेलं माझं बोलणं पुष्कळदा एवढंच असायचं.

त्याच उन्हाळ्यात आई गेली. मी घरी गेले, सगळं उरकलं, परत आले. "उरकलं" हा शब्द वाईट आहे, पण तेव्हा तसंच वाटलं होतं.

आई असताना फोन म्हणजे आईच. चुकून बाबांनी उचललाच तर, "बरी आहेस ना? थांब, आईला देतो." मी शाळेच्या सहलीला गेले होते तेव्हापासून बाबांचं माझ्याशी फोनवरचं बोलणं हे इतकंच होतं. आता फोन द्यायला कुणी नव्हतं. मी दर रविवारी सकाळी अकराला फोन लावायचे. तेव्हा ठाण्यात साडेसात वाजलेले असायचे आणि बाबा तलावपाळीवरची फेरी मारून, दूध घेऊन परतलेले असायचे.

"जेवलीस का?"

"बाबा, इथे अकरा वाजलेत."

"हां. थंडी आहे?"

"आहे."

"बरं."

मग दोघंही गप्प. फोनमधली ती खरखर ऐकत मी खिडकीशी उभी राहायचे आणि दर वेळी ठरवायचे की आता काहीतरी बोलायचं. जमायचं नाही. शेवटी बाबा म्हणायचे, "बरं, ठेवू मग?" मी सुटले असं वाटायचं, आणि फोन ठेवल्यावर इतकं रडू यायचं की स्वतःचाच राग यायचा. आई गेली होतीच, पण बाबांशी आपली ओळखच नाही हे मला त्या रविवारांनी दाखवलं. आणि ओळख करून घ्यायची कशी ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

एका रविवारी असंच बोलणं आटलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "बाबा, इथे डिसेंबरात खूप बर्फ पडतो म्हणे. सायकल चालणार नाही. गाडी घ्यावी लागणार. सेडान घेऊ का एसयूव्ही?"

पलीकडे दुधाची पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग बाबांनी विचारलं, "बर्फ म्हणजे किती? घोट्यापर्यंत का गुडघ्यापर्यंत?"

"कमरेपर्यंत, म्हणतात."

"मग हे असं उभ्या उभ्या सांगता येणार नाही," बाबा म्हणाले. "मला आठवडा दे."

पुढच्या रविवारी मी "हॅलो" म्हणायच्या आत त्यांनी सुरुवात केली. "सेडानच. बुटकी गाडी जमिनीला धरून राहते. उंच गाडी उलटते. मी पाहिल्यात ना फायली."

"अहो बाबा, त्या वडापच्या जीपा होत्या. आत पंधरा माणसं आणि टपावर पाच."

"म्हणून काय झालं? उलटल्या की नाही?"

"आणि सेडान बर्फात रुतली म्हणजे?"

"रुतलेली गाडी बाहेर काढता येते. उलटलेल्या गाडीचं काय काय काढावं लागतं ते तुला माहीत नाही."

मी चिडले. आवाज चढवला. त्यांनीही चढवला. फोन ठेवला तेव्हा माझे कान तापले होते, आणि भूक लागली होती. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा मी पिठलं केलं.

तिथून पुढे रविवार म्हणजे वाद. तलावपाळीच्या कट्ट्यावर बाबांबरोबर एक निवृत्त सुभेदार बसायचे. त्यांनी लडाखमध्ये लष्कराचे ट्रक चालवले होते. ते एसयूव्हीच्या बाजूचे. "सुभेदारसाहेब म्हणतात, गाडीचं पोट बर्फावर टेकलं की चाकं नुसती फिरतात. गाडी उंचच पाहिजे," बाबा सांगायचे आणि लगेच त्याचं खंडन करायचे. मग एकदा ते खंडन करायचं विसरले. सुभेदारांचं त्यांना पटत चाललं होतं. मी घाबरले. पटलं म्हणजे संपलंच की! म्हणून इतके दिवस एसयूव्हीची बाजू लढवणारी मी त्या सकाळी एकदम सेडानकडे गेले. लहान गाव, अरुंद रस्ते, बर्फाचे ढीग साचले की आणखी अरुंद, मोठं धूड वळवायचं कुठे? बाबा लगेच जोमाने एसयूव्हीच्या बाजूने बोलू लागले. नंतर आम्ही किती वेळा बाजू बदलल्या ते देवाला माहीत.

आठवडाभर मी रविवारसाठी मुद्दे जमवायचे. शनिवारी सायकल काढून गाड्यांच्या शोरूममध्ये जायचे. तिथला विक्रेता कमरेत वाकून स्वागत करायचा, मी खाली वाकून गाडीच्या पोटाखाली वीत लावून बघायचे, तो माझ्या शेजारी उकिडवा बसून तितक्याच गांभीर्याने बघायचा. गाडी मात्र मी घेत नव्हते. तिसऱ्या खेपेला त्याने माझ्यासाठी चहाऐवजी कॉफी आणली, माझी आवड त्याला पाठ झाली होती.

एवढ्यात मी तिथलं लायसन्सही काढलं. भारतातलं लायसन्स होतं, आईने हट्टाने शिकायला लावलं होतं, पण इथे परीक्षा पुन्हा द्यावी लागते. पहिल्या खेपेला नापास झाले, कारण गाडीत बसायच्या आधी मी वाकून गाडीखाली पाहिलं नाही. बाबांना सांगितल्यावर ते परीक्षकावर जाम खूश झाले.

आणि मग बर्फ आला. सायकल बंद झाली. आमच्या विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे काचो-सान म्हणायचे, त्यांनी विचारायच्या आधीच सांगून टाकलं की गाडी येईपर्यंत मी तुम्हाला रोज नेईन. रोज सकाळी त्यांची पांढरी सेडान माझ्या इमारतीसमोर उभी असायची. रस्त्याच्या कडा बर्फाखाली गेलेल्या, म्हणून वर खांबांना लाल-पांढरे बाण लावलेले, इथे रस्ता संपतो असं सांगणारे. काचो-सान मोजकं बोलायचे. दर सोमवारी मात्र न चुकता विचारायचे, "वडिलांचं काय ठरलं?"

मी सांगायचे, अजून विचार चालू आहे. ते आदराने मान हलवायचे. एवढा खोलवर विचार करणारे वडील! त्यांनी ही गोष्ट अख्ख्या विभागाला सांगितली होती. दुपारी जेवताना कुणीही येऊन विचारायचं की या आठवड्यात वडील कुठल्या बाजूला आहेत.

एकदा मी काचो-सानना सरळ विचारलं, तुमचं मत काय? ते म्हणाले, "टायर." हिवाळ्याचे टायर चांगले असले की सेडान काय, एसयूव्ही काय, सारखंच. चारही चाकांना जोर असला की गाडी निघते लवकर, पण थांबते ती टायरांमुळे. गावातलं शेंबडं पोरही हे सांगेल. प्रत्येकाकडे टायरांचे दोन संच असतात, बर्फाआधी एक उतरवायचा, दुसरा चढवायचा, संपलं. आम्ही बापलेक ज्यावर महिनोन्‌महिने भांडत होतो तो प्रश्न इथे कुणाला पडतच नव्हता.

हे मी बाबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वाद तिथेच मिटला असता.

नव्या वर्षाच्या तोंडावर काचो-सानची कावासाकीला बदली झाली. घर, बायको, शाळेतली मुलगी सगळं इथेच राहणार, ते एकटे जाणार. तिथे ही रीतच आहे. बदली झाली की पुरुष एकटाच बॅग उचलतो, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मला वाटलं. मी पटकन मान फिरवून खिडकीबाहेर पाहिलं. त्यांनी नेहमीच्याच आवाजात पुढे सांगितलं की कावासाकीत गाडीचं काम नाही, बायकोची स्वतःची आहे, तेव्हा ही गाडी हवी असेल तर घ्या. चारही चाकांना जोर आहे, टायर नवे आहेत. "घाई नाही, वडिलांना विचारून सांगा," असंही म्हणाले.

मी तिथेच हो म्हटलं. उद्यापासून कारखान्यात जायचं कसं, हा खरा प्रश्न होता, आणि तो बाबांचा नव्हता, माझा होता.

शेवटच्या दिवशी मला सोडताना काचो-साननी विचारलं, "एकटं राहताना सगळ्यात जड काय जातं?" इतकं खाजगी ते कधी बोलले नव्हते. मी म्हटलं, "रविवार." त्यांनी मान डोलावली आणि दोन्ही हातांनी किल्ली माझ्या हातात दिली.

त्या रविवारी मी बाबांना सांगणारच होते. वाक्यही जुळवून ठेवलं होतं. पण बाबा वेगळ्याच थाटात होते. ते आणि सुभेदार आदल्या दिवशी गाड्यांच्या शोरूममध्ये जाऊन आले होते. बाबा! शोरूममध्ये! इस्त्रीचा शर्ट घालून! आई गेल्यापासून हा माणूस तलावपाळी आणि दुधाचं दुकान सोडून कुठेही गेला नव्हता.

"दोन्ही गाड्यांत बसून पाहिलं," ते म्हणाले. "एसयूव्हीत चढायला त्रास होतो, पण वर बसलं की फार लांबचं दिसतं गं. त्या मुलाने चहासुद्धा दिला. पुढच्या शनिवारी चालवून बघायला देतो म्हणाला. सुभेदारसाहेब चालवणार, मी बाजूला बसणार."

खाली पार्किंगमध्ये माझी पांढरी सेडान बर्फात उभी होती आणि मी म्हणाले, "बाबा, पण मला अजूनही सेडानच बरी वाटते. तुम्ही म्हणता त्यात दम नाही."

"दम नाही? थांब, सांगतो," बाबा म्हणाले, आणि पुढचा अर्धा तास सांगत राहिले.

त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मला त्यात चूक काही वाटत नव्हती. सुख वाटत होतं. फक्त फोन ठेवल्यावर खोली आणखी मोठी वाटायची.

मग बुधवारी गाडी हलेना.

आदल्या संध्याकाळी मी ती व्यवस्थित लावली होती. शिकत होते तेव्हा बाबांनी मला एकच गोष्ट शिकवली होती. गाडी सोडताना हँडब्रेक ओढायचा, करकचून ओढायचा. तो न ओढल्यामुळे उतारावरून निघून गेलेल्या गाड्यांच्या फायलींना म्हणे वेगळं कपाट होतं. मी करकचून ओढला होता. सकाळी इंजिन चालू झालं, हँडब्रेक सोडला, आणि गाडी नुसती थरथरली. मागची चाकं जागची हलेनात. मी उतरले, बर्फ उकरला, पुन्हा बसले. पुन्हा उतरले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. हातमोजे भिजले. मी चाकाला लाथ मारली आणि घसरून तिथेच बसले. बर्फात बसून मी मोठ्याने रडले. ऐकायला कुणी नव्हतं हे एका परीने बरंच होतं, आणि त्याचंच जास्त रडू येत होतं.

शेवटी कारखान्यात फोन केला. रिसेप्शनवरची बाई तिची एसयूव्ही घेऊन मला न्यायला आली. तिने एकदा आत डोकावून हँडब्रेककडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवून हसली. ओला झालेला ब्रेक ओढून ठेवला की थंडीत गोठून चाकाला धरून बसतो. इथे हिवाळ्यात हँडब्रेक कुणी ओढत नाही. आणि हे कुणी कुणाला सांगतही नाही, कारण सगळ्यांना ते माहीतच असतं. दुपारी ऊन आलं की सुटेल आपोआप, ती म्हणाली.

सकाळभर माझा राग धुमसत होता. तो नक्की कुणावर होता ते आता सांगता येईल, तेव्हा सांगता आलं नसतं. जेवणाच्या सुट्टीत मी कॅन्टीनबाहेर जाऊन ठाण्याला फोन लावला. रविवार नव्हता, म्हणून बाबांचा आवाज धास्तावलेला होता.

"काय गं? काय झालं?"

"तुमचा हँडब्रेक!" मी ओरडलेच. "म्हणे करकचून ओढ! इथे बर्फात तो गोठतो, बाबा! माझी गाडी जागची हलत नाहीये, मी तासभर बर्फात बसून होते!"

बाबांनी हळूच विचारलं, "कुठली गाडी?"

आपण काय बोलून बसलो ते माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"सेडान," मी म्हटलं. "पांढरी. आमच्या साहेबांची होती."

"कधी घेतलीस?"

"झाले थोडे दिवस."

"मग रविवारी आपण जे भांडलो…"

"बाबा, गाडी घेतली म्हणून सांगितलं असतं तर विषय संपला असता. मग आपण काय बोललो असतो?"

मला वाटलं ते रागावतील. रागावायला हवं होतं. शोरूममध्ये जाऊन बसले होते बिचारे, चहा पिऊन आले होते.

"सुभेदारांनी मला कधीच सांगितलं होतं," बाबा म्हणाले. "बर्फात गाडी कुठलीही चालते, टायर बघायचे. मीच तुला सांगितलं नाही. मला वाटत होतं, मी एकटाच लांबवतोय."

कॅन्टीनचं दार उघडून माणसं बाहेर येऊ लागली होती. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

"बरं, ठेवतो," बाबा म्हणाले. "कुकर लावलाय." आणि त्यांनी फोन ठेवला.

गाडी दुपारी खरंच सुटली. मी ती घरी आणली आणि हँडब्रेकला हात न लावता वर गेले. त्यानंतरचे तीन दिवस मी रविवारला भीत काढले. आता बोलायला काही उरलं नव्हतं. दोघांचंही बिंग फुटलं होतं. गाडी ठरली होती. आता परत ते "जेवलीस का", "थंडी आहे का", आणि ती खरखर. फोन करूच नये असंही मनात आलं. कामाचं कारण सांगता आलं असतं, आणि बाबांनी ते मुकाट्याने मान्य केलं असतं, हे मला पक्कं माहीत होतं. असेच लोक एकमेकांपासून तुटत असतील, कुणाचंही काही न बिघडता.

रविवारी अकराला मी फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"थांब हं," बाबा म्हणाले. मग काहीतरी जोरात ओढल्याचा आवाज आला, लाकूड फरशीवर घासल्याचा. फोन आमच्या घरी पॅसेजमध्ये होता, आणि बाबा त्यावर जन्मभर उभ्यानेच बोलत आले होते. ते आतून खुर्ची ओढून आणत होते. ती टेकवल्याचा आवाज आला, मग बाबा तिच्यात बसले तेही कळलं.

"हं," ते म्हणाले. "आता बोल."

एकही मुद्दा तयार नव्हता. खिडकीबाहेर सगळं पांढरं होतं आणि आईला जे मी पहिल्याच आठवड्यात सांगितलं असतं ते माझ्या तोंडून निघून गेलं.

"बाबा, मला इथे अजिबात करमत नाही हो."

ठेवू का, असं बाबांनी विचारलं नाही.

"मलाही इथे करमत नाही गं," ते म्हणाले.